चाकाची खुर्ची मापाची हवी

चप्पल घेताना आपण काय करतो? पाय घालून पाहतो. चार पावले चालतो. चप्पल चावली तर परत ठेवतो. बैलाच्या मानेला जू लागते की काय, तेही आपण पाहतो. मग ज्या खुर्चीवर माणसाला दिवसभर बसायचे, ती न मापता कशी घ्यावी?

समजा, रनाळ्यातला एक तरुण निंबाच्या झाडावरून पडला. पाठीचा कणा दुखावला. पाय लुळे पडले. दवाखाना करून तो घरी आला. वडील म्हणतात, "आता काय पोरा, खाटेवरच दिवस काढायचे!"

तसे नाही हो आबा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. कमरेखालचे शरीर लुळे पडले. तरी त्यांनी १९७२ साली जर्मनीत अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाय गेले म्हणजे माणूस संपला असे नाही. पण त्याला हिंडता-फिरता आले पाहिजे. त्यासाठी खुर्ची हवी, आणि ती त्याच्या मापाची हवी.

माणसाचे माप घ्या

शिंप्याची टेप घ्या. माणसाला ताठ बसवा.

१. बैठकीची रुंदी : कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट जाईल एवढीच जागा ठेवा. खुर्ची फार रुंद असली तर माणूस एका अंगाला कलतो. चाकापर्यंत हात नीट पोचत नाहीत.

२. बैठकीची लांबी : पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा राहावी. बैठक लांब असली तर ती गुडघ्यामागे रुतते आणि माणूस पुढे घसरतो.

३. पाय ठेवायची पाटी : मांड्या बैठकीला सपाट टेकल्या पाहिजेत. पाटी उंच असली तर गुडघे वर येतात आणि सगळा भार बुडावर पडतो. खाली असली तर पाय लोंबतात. पाटी जमिनीपासून निदान २ इंच वर हवी, नाहीतर ती दगडाला अडते.

४. चाक : हात सैल सोडला की बोटांची टोके मोठ्या चाकाच्या आसाशी यावीत. हात चाकाच्या माथ्यावर ठेवला की कोपर वाकलेले असावे.

५. पाठ : जो स्वतः चाक फिरवतो, त्याच्या खुर्चीची पाठ खांद्याच्या फऱ्यांखाली असावी. म्हणजे हात मोकळे फिरतात. ज्याचा तोल राहत नाही त्याला उंच पाठ द्या.

मागच्या चाकाचा आस पुढे-मागे करता येत असेल, तर आधी तो मागे ठेवा. खुर्ची उलटत नाही. सवय झाली की थोडा पुढे घ्या. खुर्ची हलकी चालते.

गादीविना बसू नका

ज्याच्या अंगाला स्पर्श कळत नाही, त्याला बूड दुखलेले कळत नाही. एकाच जागी भार पडतो. तिथले रक्त अडते. कातडी मरते आणि जखम होते. अशी जखम हाडापर्यंत जाते. तिच्यापायी माणूस दगावतोही. म्हणून खुर्चीवर चांगली जाड गादी घाला. दर अर्ध्या तासाला पुढे वाका, डावीकडे कला, उजवीकडे कला. बुडावरचा भार थोडा वेळ हलका होऊ द्या.

रोज रात्री घरच्यांनी कातडी पाहावी. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे कातडी काळवंडते, गरम किंवा कडक लागते. अर्ध्या तासात डाग गेला नाही, तर त्या जागेवर भार देऊ नका. दवाखान्यात दाखवा.

घर आणि वाट पाहा

दवाखान्याची फरशी निराळी, गावची वाट निराळी. पावसाळ्यात काळ्या मातीत लहान चाक रुतते. म्हणून पुढची चाके मोठी व रुंद बघा. हवेचे टायर असले तर धक्के कमी बसतात. पंक्चर निघाले तर सायकलवाला काढून देतो. मात्र टायरात हवा कमी असली तर ब्रेक धरत नाही. आठवड्याला हवा पाहा.

खुर्चीची सगळ्यात रुंद बाजू मोजा, मग घराचे दार मोजा. ओटा असेल तर उतार करा. १ फूट उंचीला १२ फूट लांबीचा उतार हवा. तीव्र उतारावरून कोणाला खाली न्यायचे झाले, तर खुर्ची उलटी फिरवा. मोठी चाके आधी उतरू द्या. चढता-उतरताना पाटीवर उभे राहू नका, खुर्ची पुढे उलटते.

खुर्ची मिळते कुठे?

नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाच्या दाखल्याची चौकशी करा. दाखल्यावर ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल आणि उत्पन्नाची अट बसत असेल, तर केंद्र सरकारच्या योजनेतून साधन मिळते. ही योजना १९८१ पासून आहे. अशा खुर्च्या बनवणारा सरकारी कारखाना कानपूरला आहे.

शिबिरात खुर्ची फुकट मिळाली, तरी आधी बसून पाहा. माप चुकले तर सांगा, "साहेब, ही मोठी होते. लहान द्या." त्यात लाज कसली? फुकटची चप्पल चावली तर जखम आपल्याच पायाला होते.

विचार करा आणि सांगा

१. खुर्ची फार रुंद असली तर काय होते?
२. कातडी रोज का पाहावी?
३. तुमचा ओटा किती उंच आहे? त्याला उतार किती फूट लागेल?
४. तुमच्या गल्लीत कोणी खाटेवर पडून आहे का? हा धडा त्याच्या घरी वाचून दाखवा.