अंग का उलते आणि त्याला काय लावावे?

दिवाळी होऊन गेली, की देशावर घरोघर एक तक्रार सुरू होते. गालांवर पांढरट खरखर दिसू लागते, ओठ उलतात, तोंड धुतले की चेहऱ्याची कातडी ताणल्यासारखी वाटते. नखाने हातावर रेघ ओढली तर ती पांढरी उमटते. मागच्या बाकावरचे काही हुशार विद्यार्थी या रेघांचा उपयोग फुली-गोळा खेळण्यासाठी करतात! घरातील मोठी माणसे म्हणतात, “अंगातले तेल कमी झाले, तेल चोळ.” दुकानात जावे तर फळीवर बाटल्यांची आणि डब्यांची रांग लागलेली. त्यांतली कोणती घ्यावी, हे ठरविण्यापूर्वी आपण एक साधा प्रश्न विचारू या : कोरड्या त्वचेत कमी काय पडलेले असते, तेल की पाणी?

या प्रश्नाचा छडा अमेरिकेतील अर्विन ब्लँक या शास्त्रज्ञाने लावला. त्याने घट्ट्याच्या कातडीचे वाळलेले, कडक तुकडे घेतले. काही तुकडे तेलात बुडवून ठेवले, तर काही पाण्याच्या संपर्कात ठेवले. तेलातले तुकडे कितीही वेळ ठेवले तरी कडकच राहिले. पाणी मिळालेले तुकडे मात्र मऊ आणि लवचिक झाले. १९५२ साली त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा प्रयोग तुम्हाला घरीही करता येईल, आणि त्याला कातडी नको, पापड पुरे. न भाजलेल्या पापडाचा एक तुकडा वाटीभर तेलात व दुसरा वाटीभर पाण्यात ठेवा. अर्ध्या तासाने दोन्ही वाकवून पाहा. पाण्यातला वाकेल, तेलातला कट्‌कन मोडेल.

म्हणजे त्वचेला मऊ ठेवते ते पाणी. मग आजी तेल चोळायला सांगते, ते चुकीचे काय? मुळीच नाही. पण तेलाचे काम निराळे आहे, ते समजण्यासाठी त्वचेची रचना पाहिली पाहिजे.

आपल्या त्वचेच्या अगदी वर मृत पेशींचा एक पापुद्रा असतो. त्याला शृंगस्तर म्हणतात. चेहऱ्यावर त्याची जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी भरते. तरी शरीरातील पाणी आत राखण्याचे काम मुख्यतः तोच करतो. या थराची तुलना शास्त्रज्ञ विटांच्या भिंतीशी करतात. चपट्या मृत पेशी या विटा, आणि त्यांच्या फटींत भरलेले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. या चुन्यात सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले असतात. भिंत धड असली तरी थोडे पाणी तिच्यातून झिरपून हवेत जातेच. घाम न येताही प्रौढ माणसाच्या त्वचेतून दिवसाकाठी सुमारे साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर पाणी निघून जाते. खुद्द विटांतही पाणी असते. त्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेले, की शृंगस्तर ठिसूळ बनून उलतो.

हिवाळ्यात हे प्रमाण का घटते? येथे थोडे गणित करू. पहाटे तापमान १० अंश सेल्सियस आहे आणि दव पडले आहे, म्हणजे हवा बाष्पाने संपृक्त आहे, असे समजा. अशा एक घनमीटर हवेत सुमारे साडेनऊ ग्रॅम बाष्प मावते. दुपारी तीच हवा ३० अंशांपर्यंत तापली. आता तिच्यात सुमारे तीस ग्रॅम बाष्प मावू शकते. पण आहे तेवढेच, साडेनऊ ग्रॅम. म्हणजे सापेक्ष आर्द्रता शंभरावरून जवळजवळ तीस टक्क्यांवर आली! ही तहानलेली हवा वाळत घातलेल्या कपड्यांतून जसे पाणी ओढते, तसेच तुमच्या गालांतूनही ओढते. पुण्याकडे किंवा नागपूरकडे अंग फार उलते आणि किनाऱ्यावरच्या कोकणात त्यामानाने कमी, याचे कारणही हेच. समुद्र तिकडची हवा ओलसर ठेवतो.

आता तेल कशाला, ते कळेल. बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या करा. एकीला दोन्ही बाजूंनी पेट्रोलियम जेली फासा, दुसरी तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी उघडी चकती वाळून कडा वर वळलेल्या दिसतील. दुसरी बरीचशी टवटवीत असेल. जेलीने बटाट्याला पाणी दिले नाही, फक्त होते ते जाऊ दिले नाही. म्हणूनच असे पदार्थ कोरड्या अंगाला नव्हे, तर स्नानानंतर अंग नुसते टिपून, ते दमट असतानाच लावावेत. महागड्या डबीपेक्षा या दोन-तीन मिनिटांच्या वेळेला अधिक महत्त्व आहे, असे मला वाटते.

पेट्रोलियम जेलीचा शोधही गमतीदार आहे. १८५९ साली रॉबर्ट चीझब्रो नावाचा तरुण रसायनज्ञ पेनसिल्व्हेनियातील तेलविहिरी पाहायला गेला. पंपाच्या दांड्यावर साचणारा मेणचट राप काढता काढता कामगार जेरीस येत. पण हात कापला वा भाजला की तोच राप जखमेला लावीत. चीझब्रोने तो शुद्ध केला व १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. आपल्या कोकणात हेच काम कोकमाच्या बियांपासून काढलेले कोकमतेल, म्हणजे भिरंडेल, कितीतरी काळापासून करीत आले आहे. ते साध्या तापमानाला घट्ट गोळ्यासारखे असते आणि अंगाच्या उष्णतेने वितळू लागते. भेगाळलेल्या टाचांसाठी ते उत्तम. तळपायांना तैलग्रंथी मुळीच नसतात, तेव्हा तेथे बाहेरून काही लावणे ओघानेच आले.

मात्र सगळी तेले सारखी नसतात. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही आठवडे ऑलिव्ह तेल लावलेल्या जागी त्वचेची भिंत कमकुवत झालेली आढळली. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक अम्ल फार असते, आणि ते चुन्याची घडी विस्कटते. महाग तेल ते चांगले, हा हिशेब येथे चालत नाही.

पाणी धरून ठेवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे ग्लिसरीन. त्याचे रेणू पाण्याच्या रेणूंना जवळ ओढतात. पण अतिशय कोरड्या हवेत निव्वळ ग्लिसरीन लावले, तर त्याने पाणी ओढावे कोठून? हवेत ते नाहीच, मग ते त्वचेच्या आतल्या थरांतून घेते, आणि वर चुरचुरते. म्हणून त्यात पाणी किंवा गुलाबपाणी मिसळतात. त्यावर तेलकट पदार्थाचे झाकण मिळाले, तर फारच छान. चांगल्या क्रीममध्ये नेमकी हीच जोडी असते. तेल आणि पाणी एरवी एकत्र नांदत नाहीत. पायसीकारक पदार्थ घालून त्यांचे दुधासारखे पायस बनवितात. दुसऱ्या शतकातील गॅलेन या वैद्याच्या नावावर असलेले मेण, ऑलिव्ह तेल व गुलाबपाणी यांचे मिश्रण, हा आजच्या कोल्ड क्रीमचा पूर्वजच. त्यातले पाणी उडून जाताना थंड वाटे, म्हणून हे नाव. पायसात पाणी जास्त असले की ते पातळ लोशन होते. तेलाचा भाग वाढला की घट्ट क्रीम. चेहरा फार कोरडा असेल तर क्रीम घ्यावे. वयात येताना तैलग्रंथी जाग्या होऊन ज्यांचा चेहरा चकाकू लागला आहे, त्यांना लोशन पुरते.

काहींची त्वचा कोरडीच नव्हे, तर नाजूकही असते. काहीही लावले की आग, खाज, लाली. अशांच्या भिंतीत फटी अधिक असतात. काही जणांत तर हे जन्मतःच असते : फिलॅग्रिन नावाचे प्रथिन बनविणाऱ्या जनुकातील दोषामुळे त्वचा कोरडी पडते व इसबाची शक्यता वाढते, हे २००६ साली सिद्ध झाले. साबणही या फटी वाढवितो. त्वचा किंचित अम्लधर्मी असते, तिचा सामू पाचाच्या आसपास. नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. तेव्हा दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुऊन मग क्रीम लावणे म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणे!

नाजूक त्वचेला सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे सुगंध. म्हणून झाकणाचा वास घेऊन क्रीम निवडू नका, डबीवरची घटकांची यादी वाचा. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक त्यात उतरत्या क्रमाने छापतात. ग्लिसरीन, पेट्रोलॅटम, डायमेथिकोन ही नावे वरच्या बाजूस दिसावीत; ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ हा शब्द नसावा. ‘अनसेंटेड’ या शब्दाने फसू नका. मूळचा वास झाकण्यासाठी त्यातही कधी सुगंधी द्रव्य असते. यादी जितकी लहान, तितके बरे. नवे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूस आठ-दहा दिवस, रोज दोनदा लावून पाहावे. तेथे पुरळ उठले नाही, तरच चेहऱ्याकडे वळावे.

आणि एक गोष्ट दुकानात मागूच नये. चेहरा गोरा व मऊ होतो म्हणून ज्या औषधी नळ्या हातोहाती फिरतात, त्यांत पुष्कळदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल ही स्टेरॉइडे असतात. ती ओलावा देणारी नव्हेत, ती औषधे आहेत. महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात. २०१८ साली भारत सरकारने अशा चौदा स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या यादीत घातली. घरात कोणी अशी नळी रोज चेहऱ्याला लावीत असेल, तर नळी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. ती मनानेच एकदम बंद केल्यास चेहरा लालबुंद होऊन भयंकर आग होते, आणि बहुतेक लोक घाबरून पुन्हा तीच लावू लागतात.