अंगठी घट्ट होतेय?

जी.पी. असताना एका बाईंचा मधुमेह आणि रक्तदाब मी अनेक वर्षे सांभाळला. अंगठी कापून काढावी लागली, बुटांचे माप वाढले, असे त्या सांगत; मी ‘वयामुळे’ म्हणालो. चूक माझी होती. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतील गाठीमुळे वाढीचे हार्मोन जास्त पाझरत होते. अशी गाठ सहसा कॅन्सरची नसते, पण उपचार लांबले तर हृदयाला धोका असतो.

हातापायांचे माप वाढत असेल आणि सोबत जबडा रुंदावणे, दातांत फटी, खूप घाम, घोरणे किंवा डोकेदुखी असेल, तर दहा वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘आयजीएफ-१’ रक्ततपासणीबद्दल विचारा. बाजूचे कमी दिसू लागले तर एक दिवसही थांबू नका.