जवळा बाजारहून किब्ल्याची दिशा

नमाजाला उभे राहताना तोंड कोणीकडे करावे, असा प्रश्न आपल्या गावात फारसा कोणी विचारत नाही. पश्चिमेकडे, हे उत्तर लहान मुलालाही ठाऊक असते आणि गावातल्या गावात तेवढ्याने भागतेही. प्रश्न उभा राहतो तो गाव सोडल्यावर. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईत, हैदराबादेत, काही आखातात आणि त्याहूनही दूर आहेत. परक्या शहरातील भाड्याच्या खोलीत सोबतचा मुसलमान मित्र ‘किब्ला कोणत्या बाजूला?’ असे विचारतो, तेव्हा त्याला नेमके उत्तर देता यावे, एवढे भूगोल-गणित आपण सर्वच शिकलेलो आहोत. या लेखात तेच गणित मांडले आहे.

किब्ला म्हणजे मक्केतील काबा या वास्तूची दिशा. इस्लामच्या आरंभकाळात नमाज जेरुसलेमकडे तोंड करून होत असे, इ. स. ६२४ च्या सुमारास ती दिशा बदलून काब्याकडे झाली. पुढे धर्मशास्त्रकारांनी एक महत्त्वाचा भेद केला. ज्याला काबा डोळ्यांनी दिसतो त्याने नेमके त्या वास्तूकडे तोंड करावे. जो दूर आहे त्याने त्या बाजूला तोंड केले तरी पुरे. अनोळखी ठिकाणी दिशा कळतच नसेल, तर प्रामाणिकपणे शोध घेऊन जी योग्य वाटेल तिकडे तोंड करून केलेली नमाज ग्राह्य मानली जाते. अपेक्षा शोधाची आहे, आणि शोध म्हटला की गणित आलेच.

आपले गाव साधारण १९.५ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंश पूर्व रेखांशावर आहे. मक्का २१.४ उत्तर आणि ३९.८ पूर्व. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर मक्का पश्चिमेच्या जेमतेम तीन अंश उत्तरेला येते. परंतु नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. प्रयोगशाळेतील पृथ्वीगोल घेऊन मराठवाड्यापासून मक्केपर्यंत दोरा ताणून धरावा. दोरा निघतानाच उत्तरेकडे झुकलेला दिसतो. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच, आणि त्याचीच दिशा किब्ला म्हणून घेतली जाते.

ही दिशा अंशांत हवी असेल तर गणित असे आहे. आपल्या अक्षांशाची कोज्या आणि मक्केच्या अक्षांशाची स्पर्शज्या यांचा गुणाकार करावा. त्यातून आपल्या अक्षांशाची ज्या आणि दोन रेखांशांतील फरकाची कोज्या यांचा गुणाकार वजा करावा. रेखांशांतील फरकाच्या ज्येला या वजाबाकीने भागावे. आपल्यासाठी ०.६०४ भागिले ०.१०४, म्हणजे सुमारे ५.८ येतात; ही ८० अंशांची स्पर्शज्या आहे. उत्तरेपासून पश्चिमेकडे ८० अंश, म्हणजेच नेमक्या पश्चिमेपासून १० अंश उत्तरेकडे. अंतर सुमारे ३,८७० किलोमीटर.

याच रीतीने मुंबईचे उत्तरही पश्चिमेच्या १० अंश उत्तरेला येते, नागपूरचे ८, हैदराबादचे सुमारे १३. दिल्लीत मात्र किब्ला पश्चिमेच्या तीन-साडेतीन अंश दक्षिणेला सरकतो, तर श्रीनगरला १३ अंश दक्षिणेला. न्यूयॉर्कचे उदाहरण सर्वांत चमत्कारिक आहे. नकाशात मक्का तेथून आग्नेयेला दिसते, पण जवळचा मार्ग ईशान्येला निघतो, आणि यावरून तिकडे बराच वाद झालेला आहे. इंडोनेशियात तर २०१० साली उलेमांच्या परिषदेने आधी ‘किब्ला पश्चिमेला’ असे मत दिले आणि त्याच वर्षी ते सुधारून ‘वायव्येला’ असे केले.

वर ‘ज्या’ हा शब्द आला, त्याची हकिकत विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ग्रंथात ज्यांचे कोष्टक दिले. ते ज्ञान अरबांकडे गेले तेव्हा ‘ज्या’, ‘जीवा’ या शब्दाचे ‘जीब’ झाले. अरबी लिपीत ते ‘जैब’ असेही वाचता येते, आणि ‘जैब’ म्हणजे कपड्याची घडी किंवा खिसा. हिंदीतला ‘जेब’ तो हाच. पुढे लॅटिन भाषांतरकारांनी त्या अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजला आणि त्यातून आजचा ‘साईन’ आला. अल्-बिरूनीने १०२५ च्या सुमारास गझनी शहराचा किब्ला काढण्यासाठी एक सबंध ग्रंथ लिहिला; त्या गणिताच्या मुळाशी ही ज्या आहेच. शंकू रोवून सकाळ-दुपारच्या सावल्यांवरून पूर्व-पश्चिम रेषा काढण्याच्या पद्धतीला तर अरबी ज्योतिषी ‘हिंदी वर्तुळ’ असेच म्हणत. आपल्याकडे ही पद्धत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी सांगितलेली आहे. वेदीसाठी निघालेली रेषा मशिदीच्या पायासाठी उपयोगी पडली. विद्येला गाववेस नसते ती अशी.

आता थोडे नाजूक बोलतो. मोबाईल घरोघरी आल्यापासून बऱ्याच ठिकाणी एक वाद ऐकू येतो. तरुण मुलगा मोबाईलमधील होकायंत्र उघडतो आणि सांगतो की, आपल्या जुन्या मशिदीची भिंत दहा अंशांनी चुकली आहे. वडीलधाऱ्यांना ते लागते. आकडा खरा असू शकतो, कारण भारतातील पुष्कळ जुन्या मशिदी सरळ पश्चिमेकडे बांधलेल्या आहेत. तीस फूट लांबीला दहा अंशांचा फरक म्हणजे सव्वापाच फूट. सफा तिरप्या घालायच्या म्हटल्या तर तो डोळ्यांत भरतो. परंतु आकडा खरा म्हणून बांधणारे चुकले, असा निष्कर्ष निघत नाही. दूरच्या माणसाला ‘बाजू’ पुरेशी आहे, हा नियम वर सांगितलाच. हनफी परंपरेतील अनेक शास्त्रकार ४५ अंशांपर्यंतचा फरक चालवून घेतात. खुद्द मक्केतील सुमारे दोनशे जुन्या मशिदी नेमक्या दिशेला नाहीत, अशी बातमी २००९ साली आली होती. सफा वळवायच्या की नाहीत, हे त्या त्या जमातीने ठरवावे; बाहेरच्याने त्यात पडू नये. मोबाईलच्या आकड्यावरून बापाशी भांडणाऱ्या मुलाला मात्र मी एवढे जरूर सांगेन की, पत्र्याच्या शेडखाली, लोखंडी कॉटवर किंवा मोटारपंपाशेजारी ते होकायंत्र वीस-वीस अंश भलतीकडे जाऊ शकते. मोकळ्या मैदानात येऊन पाहावे. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, ही एक सोयच आहे.

होकायंत्राशिवायही काम होते. हात पूर्ण लांब करून मूठ वळली की ती साधारण दहा अंश झाकते. रात्री ध्रुवतारा शोधावा. तो आपल्याकडे क्षितिजापासून दोन मुठी उंच असतो. त्याच्याकडे तोंड केले की डावा हात पश्चिमेला. तेथून एक मूठ उत्तरेकडे सरकले की किब्ला. मावळतीचा सूर्य मात्र जपून वापरावा, कारण वर्षभरात तो पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस अंश फिरतो. तो आपल्या गावाहून किब्ल्याच्याच दिशेला मावळतो असे दिवस वर्षातून दोनदा येतात. एक ऑगस्टच्या अखेरीस. दुसरा एप्रिलच्या मध्यास, आणि गणित केले तेव्हा माझा मलाच आनंद झाला, कारण ती तारीख १४ एप्रिलच्या आसपासच येते. भीमजयंतीच्या संध्याकाळी, मिरवणूक निघण्याच्या सुमारास, मावळतीकडे पाहिले तर किब्ल्याची दिशा अंश-अर्ध्या अंशाच्या फरकाने समोर असते.

गाडीत बसलेल्याचे काय? परभणीहून मनमाडकडे गाडी वायव्येला जाते आणि मनमाडनंतर मुंबईकडे नैर्ऋत्येला वळते. शक्य तितके दिशेकडे वळावे आणि न जमल्यास आहे तसे करावे, अशी तेथे सवलत आहे. २००७ साली मलेशियाचा अंतराळवीर अवकाश स्थानकावर गेला, तेव्हा त्याच्यासाठीही असाच उतरत्या क्रमाचा नियम केला होता : काबा, ते न जमल्यास पृथ्वी, तेही न जमल्यास कोणतीही दिशा.

सर्वांत सोपी आणि बिनचूक रीत शेवटी देतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. मक्केत तो २७-२८ मे आणि १५-१६ जुलै या सुमारास असतो. त्या क्षणी सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर असल्याने तो दिसेल त्या प्रत्येक गावातून सूर्याची दिशा तीच किब्ल्याची दिशा ठरते. भारतीय वेळ मेमध्ये दुपारी २ वाजून ४८ मिनिटे, जुलैत २ वाजून ५७ मिनिटे. जुलैत शाळा भरलेली असते पण आभाळ झाकलेले. मेमध्ये सुट्टी असते पण ऊन भरपूर. म्हणून मेच बरा. दोन दिवस अलीकडे-पलीकडे झाले तरी फारसे बिघडत नाही. मैदानात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी, घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळवून घ्यावे आणि नेमक्या मिनिटाला सावलीच्या टोकाशी खूण करावी. त्या टोकापासून काठीच्या बुंध्याकडे जाणारी रेघ चुन्याने आखली की तीच दिशा. सावली सुमारे ७० सेंटीमीटर भरायला हवी. फारच वेगळी भरली तर आधी काठी तिरपी नाही ना, आणि जमीन सपाट आहे ना, ते पाहावे.