जुने घर पाडताना : ठेका देण्यापूर्वी



गळीत हंगाम संपतो, उसाचे बिल खात्यावर जमा होते आणि बऱ्याच घरी जुना वाडा पाडून स्लॅबचे घर बांधण्याचा विषय निघतो. नव्या बांधकामाच्या गवंड्याची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. पाडकाम मात्र 'त्यात काय, चार गडी लावले की झालं' असे म्हणून कुणालाही देऊन टाकतो. ऊसतोड मुकादमाला उचल देताना करारपत्र आणि जामीन मागणारे आपण, इथे तोंडी बोलावर भागवतो.

आमच्या गटातील एका सभासदाच्या घरी ठेकेदाराच्या गड्यांनी भिंतीचे बुडचे दगड काढले. म्हणजे भिंत आपोआप आत पडेल. ती पडली शेजाऱ्याच्या गोठ्यावर. गडी जेवायला बसले होते म्हणून वाचले, म्हैस मात्र गेली. नुकसान कोणी भरायचे? कागद नव्हता. दोन घरांचे बोलणे बंद झाले.

माळवदाचे वजन आधी ध्यानात घ्यावे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागेवर फूटभर माती म्हणजे एक ब्रास, म्हणजे सुमारे चार टन. खालची दगड-मातीची भिंत बाहेरून जाड दिसते. पण आतली आणि बाहेरली बाजू सांधणारे आरपार दगड नसतील तर ती मधून फाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच घरांखाली हजारो माणसे गेली.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) ठेकेदाराने आधी पाडलेली दोन घरे पाहावीत. त्या घरांच्या शेजाऱ्यांनाही विचारावे.

२) करार लिहून घ्यावा. सागवानी तुळया, खांब, दगड, कौले कोणाची, राडारोडा कोण व कुठे टाकणार, मुदत किती, मजुरांचा अपघात विमा आणि शेजाऱ्याचे नुकसान कोणाकडे, हे त्यात स्पष्ट असावे. लाकूड ठेकेदार नेणार असेल तर त्याची किंमत मजुरीतून वजा करावी. पैसे टप्प्याटप्प्यानेच द्यावेत.

३) आधी महावितरणकडून वीजजोड तोडून घ्यावा. ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी.

४) काम वरून खाली चालावे. प्रथम माळवदाची माती, मग लाकूड, शेवटी भिंत थराथराने. बुड पोखरू देऊ नये. काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. भिजलेली मातीची भिंत केव्हा बसेल याचा नेम नसतो.

५) जुने सिमेंटचे पत्रे फोडू नयेत. त्यांतील ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते. पत्रे ओले करून अखंड उतरवावेत.

आता आमच्या खात्याचा विषय. वाड्याची पांढरी माती रानात टाकण्याची जुनी चाल आहे. तिच्यात खताचा अंश असतो हे खरे, पण भिंतीला लोणा चढतो तोही क्षारच. निचरा नसलेल्या काळ्या रानात ती टाकली तर जमीन चोपण-खारवट व्हायला मदतच होते. चुन्याचा गिलावा चुनखडीच्या रानात गेला तर लोह मिळेनासे होऊन उसावर केवडा पडतो. राडारोड्याने चर बुजवू नयेत हे सांगायलाच नको. माती टाकण्यापूर्वी तिचा आणि रानाचा नमुना गट कार्यालयात द्यावा. सामू व क्षार तपासून किती टाकावी हे आम्ही सांगू.

घर पुन्हा बांधता येते. भिंतीखाली गेलेला गडी परत येत नाही.