ॲनिमेशनचे नवे सॉफ्टवेअर : नमुना पाहून सौदा करावा काय?



कापडाच्या बाजारात नमुन्याच्या तुकड्यावर सौदे होतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तुकडा एक आणि गाठीतला माल दुसरा निघाला तर माल परत जातो, किंवा दर तुटतो. संगणकाच्या बाजारातही नमुना दाखवण्याची पद्धत आहे. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या दरवर्षी परिषद भरवतात, हजारो कारागीर व प्रोग्रामर जमवतात आणि पुढच्या आवृत्तीत काय काय येणार ते पडद्यावर करून दाखवतात. टाळ्या पडतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. पण तेथे नमुना आणि माल यांत फरक पडला तर परत करायला काही नसते, कारण सौदा झालेलाच नसतो.

आपल्यातील पुष्कळ तरुण मल्टिमीडियाचे काम शिकतात आणि पुष्कळ व्यापारी जाहिरातीसाठी, कॅटलॉगसाठी असे काम करून घेतात. दोघांनीही हा नमुन्याचा हिशेब समजून घेणे जरुरीचे आहे. त्यासाठी मी एकच उदाहरण घेतो, फ्लॅश या सॉफ्टवेअरचे. त्याचा जन्मापासून अखेरपर्यंतचा सर्व जमाखर्च आता आपल्यासमोर आहे.

1996 साली फ्यूचरवेव्ह नावाच्या लहानशा कंपनीने फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर बाजारात आणले. जोनाथन गे हे त्यामागचे मुख्य कारागीर. त्या वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडियाने ते विकत घेऊन फ्लॅश असे नाव दिले. 2005 मध्ये ॲडोबीने सुमारे 3.4 अब्ज डॉलरला खुद्द मॅक्रोमीडियाच घेतली. म्हणजे पेढी दोनदा बदलली. कारागिराची फाईल मात्र तीच राहिली.

आता काम कसे चालते ते पाहू. कागदावर चलच्चित्र काढायचे तर एका सेकंदाला बारा ते चोवीस चित्रे लागतात. उस्ताद मुख्य चित्रे काढतो आणि मधली चित्रे शागीर्द भरतात. मुख्य चित्राला की-फ्रेम म्हणतात. फ्लॅशमध्ये शागीर्दाचे काम यंत्र करते, त्याला ट्वीन म्हणतात. चेंडू डावीकडे ठेवला, तिसाव्या फ्रेमवर उजवीकडे ठेवला, की मधल्या जागा सॉफ्टवेअर स्वतः भरते. शिवाय आकृती ठिपक्यांनी न साठवता रेषांच्या गणिताने साठवली जाते, त्यामुळे फाईल हलकी राहते. मंद टेलिफोन लाईनच्या काळात फ्लॅश चालले ते या हलकेपणामुळेच.

आता 2007 सालाकडे येऊ. एप्रिलमध्ये फ्लॅशची सी-एस-3 ही आवृत्ती विक्रीला आली आणि त्याच वर्षी शरद ऋतूत शिकागो येथे ॲडोबीची मॅक्स परिषद भरली. तेथे पुढच्या फ्लॅशचा नमुना दाखवण्यात आला. त्याचे आतले नाव डीझेल होते, आणि फ्लॅश ज्यावर चालते त्या नव्या प्लेअरचे आतले नाव ॲस्ट्रो.

नमुन्यात खरोखर दम होता हे मान्य केले पाहिजे. पहिली गोष्ट हाडांच्या साधनाची. बाहुलीच्या आकृतीत खांदा, कोपर, मनगट अशी हाडे जोडायची. मग फक्त पंजा ओढला की कोपर आणि खांदा आपोआप जागा घेतात. पूर्वी प्रत्येक अवयव वेगळा फिरवावा लागे आणि एक हात हलवायला अर्धा दिवस जाई. दुसरी गोष्ट ट्वीनच्या नव्या पद्धतीची. जुन्या पद्धतीत हालचाल फ्रेमला बांधलेली असे, नव्यात ती वस्तूला बांधली. वस्तू ओढली की तिच्या वाटेची रेषा पडद्यावर दिसते आणि ती रेषाच वाकवता येते. तयार मालात याच्या जोडीला मोशन एडिटर आला, ज्यात वेग, फिरकी, आकार या प्रत्येकाचा वेगळा आलेख काढता येतो. ज्यांनी जकार्डचा ग्राफ पाहिला आहे त्यांना त्याचे मर्म लगेच कळेल : चौकटीत ठिपका हलला की कापडावर फूल हलते.

तिसरी गोष्ट त्रिमितीची. सपाट चित्र पत्त्यासारखे वळवून मागे-पुढे नेता येऊ लागले. बातम्यांत मात्र 'थ्री-डी आले' असा गवगवा झाला. घनाकृती बनवण्याची सोय त्यात नव्हतीच. सपाट पत्ता वळवणे आणि मूर्ती घडवणे यांत फरक आहे. नमुना पाहणाऱ्याने हा फरक विचारायला हवा होता, पण टाळ्यांच्या आवाजात असले प्रश्न राहून जातात.

माझे शालेय शिक्षण उर्दूतून झाले, त्यामुळे शिकागोच्या नमुन्यातील चौथ्या गोष्टीने माझे लक्ष सर्वांत जास्त वेधले. ॲस्ट्रोमध्ये मजकुराचे नवे यंत्र येणार होते, ज्यात उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या आणि अक्षरे जोडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांची सोय होती. त्यापूर्वी फाईलमध्ये फॉन्ट बसवून उर्दू लिहिली तर अक्षरे सुटी पडत आणि देवनागरीच्या वेलांट्याही जागा सोडत. म्हणून आपले कारागीर इनपेजमध्ये उर्दू मजकूर मांडून तो चित्र म्हणून फ्लॅशमध्ये चिकटवत. काम दिसायला सुंदर होई, पण एक हर्फ बदलायचा तर सारे चित्र पुन्हा करावे लागे.

आता माल केव्हा पोहोचला ते पाहा. नवा प्लेअर व सी-एस-4 आवृत्ती 2008 च्या ऑक्टोबरात आली, म्हणजे नमुन्यानंतर सुमारे एक वर्षाने. हाडे आली, नवे ट्वीन आले, त्रिमिती आली. मजकुराचे यंत्र प्लेअरमध्ये आले, पण कारागिराच्या हाती असलेल्या फ्लॅशमध्ये ते वापरण्याची सरळ सोय 2010 च्या सी-एस-5 आवृत्तीत झाली. ज्याने 2007 मध्ये उर्दू कामाचा ठेका या भरवशावर घेतला असेल त्याला किती थांबावे लागले याचा अंदाज वाचकांनीच करावा. सी-एस-4 मध्ये डेको नावाचे आणखी एक साधन होते. एक पान व एक फूल दिले की ते वेल भरून काढी, किंवा एक बुट्टा दिला की तो चौकटीत ओळीने मांडी. डिझाईन काढणाऱ्यांना हे फार उपयोगी वाटले.

पण खरा धडा पुढेच आहे. 2013 च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या मॅक्स परिषदेत ॲडोबीने जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या विकल्या जाणार नाहीत, महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर मिळतील. त्याबरोबर फ्लॅश आतून नव्याने बांधण्यात आले, आणि बांधताना हाडांचे साधन, मोशन एडिटर, डेको व मजकुराचे ते नवे यंत्र काढून टाकण्यात आले! जुन्या प्रोग्रामच्या भाषेत केलेल्या फाईलींनाही त्यात थारा नव्हता. मोशन एडिटर 2014 मध्ये परत आला आणि हाडे 2015 मध्ये. शिकागोत ज्यावर टाळ्या पडल्या ती वस्तू पाच वर्षे दुकानात राहिली, मग दोन वर्षे गायब झाली. लूमवाल्याने आपल्या मागाची डॉबी उतरवून नेली आणि दोन वर्षांनी परत लावून दिली तर आपण त्याला काय म्हणू?

प्लेअरचे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. एप्रिल 2010 मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नाही याची कारणे दिली. 2011 च्या नोव्हेंबरात ॲडोबीने मोबाईलच्या ब्राउझरसाठी प्लेअर पुढे न वाढवण्याचे ठरवले. 2016 मध्ये फ्लॅशचे नाव बदलून ॲनिमेट झाले. 31 डिसेंबर 2020 रोजी प्लेअरचा पाठिंबा संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यात फाईली चालणे बंद करण्यात आले. हजारो संकेतस्थळांची पाने त्या दिवसापासून रिकामी दिसू लागली. रफल नावाच्या खुल्या प्रकल्पाने त्यांतील बऱ्याच फाईली पुन्हा चालवून दाखवल्या आहेत, सर्व नाही.

आपल्या फिकहमध्ये या व्यवहाराच्या खुणा स्पष्ट आहेत. जे आपल्याजवळ नाही ते विकण्याची मनाई आहे. त्याला सवलत म्हणून बैअ-ए-सलम आहे, पण तेथे किंमत आगाऊ रोख, आणि मालाचा प्रकार, दर्जा, माप व देण्याची मुदत ठरलेली हवी. कारागिराला ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेणे हा इस्तिस्नाअ, त्यातही वर्णन नक्की हवे. हनफी मताप्रमाणे न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारण्याचा हक्कही खरेदीदाराला असतो. परिषदेतील नमुन्याला ना मुदत, ना दर, ना दर्जाची हमी. तेथे दाखवलेली प्रत्येक गोष्ट बाजारात येईलच असे कंपनीही म्हणत नाही. म्हणजे तो सौदा नाही, नुसता ऐलान आहे. वर्गणीचा मामला तर विक्रीचाही नाही, इजाऱ्याचा आहे : भाडे थांबले की माग बंद.

म्हणून ज्याच्या हातात आज काम आहे त्याने पुढच्या आवृत्तीची वाट पाहत बसू नये. 2007 च्या शरदात ज्याने सी-एस-3 घेऊन काम उरकले त्याने वर्षभर कमावले. ज्याच्या हातात काम नाही त्याने थांबायला हरकत नाही. आणि येणाऱ्या फीचरची नावे छापून शिकवणीची फी गोळा करणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावे. मुलाला की-फ्रेम, वजन, वेग, चाल शिकवतात का ते विचारावे. उडी मारणारा माणूस आधी गुडघे वाकवतो, हे ज्याला काढता येते त्याला कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भाकरी मिळते. बटणे कुठे आहेत ते पंधरा दिवसांत कळते.

काम करून घेणाऱ्या व्यापाऱ्याने एक कागद जरूर करावा. बहुतेक जण चालणारी फाईल घेतात आणि पैसे चुकते करतात. ती झाली शिवलेली शेरवानी, तिच्यावरून पुन्हा बेतता येत नाही. मूळ फाईल, म्हणजे फ्लॅशच्या बाबतीत एफ-एल-ए, ही आपली आहे असे आधीच लिहून घ्यावे. सी-एस-5 पासूनची ही फाईल म्हणजे साध्या मजकुराच्या फाईलींचे गाठोडे असते, दुसऱ्या कारागिराला ती उघडून वाचता येते. त्यापूर्वीची बंद पेटी आहे. कोणाकडे अशा जुन्या फाईली पडून असतील तर ज्याच्या मशीनवर जुनी आवृत्ती अजून चालते त्याच्याकडून नव्या रूपात साठवून घ्याव्यात. मूळ रेखाचित्रे, वापरलेले फॉन्ट आणि आवाजाच्या फाईली वेगळ्या मागाव्यात. उर्दू किंवा मराठी मजकूर चित्राच्या रूपात असेल तर तो अक्षरांच्या रूपातही घ्यावा. शेवटी तयार कामाची एक प्रत साध्या व्हिडिओत मागावी. बटणे दाबून चालणारे भाग त्यात मरतात, पण चित्र आणि आवाज राहतात. हे सर्व हाती आल्यावरच पैशाचा शेवटचा हप्ता द्यावा.