गुंता की जट?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. लहानपणी तिचे केस अगदी सरळ होते, गेल्या वर्षभरात ते कुरळे व्हायला लागले. घरात बाकी सगळ्यांचे केस सरळ आहेत. विंचरताना ती रडायची, म्हणून परीक्षेच्या दिवसांत वरवर पाणी लावून वेणी घालून दिली. आता मानेवर एक घट्ट गाठ झाली आहे. सासूबाई म्हणतात, ही जट आहे, देवीचं बोलावणं आहे, कात्री लावायची नाही. मिस्टर म्हणतात, टक्कल करून टाका, नवे केस सरळ आणि दाट येतील. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यानं केस बिघडले असतील का? मुळात तिचे केस कोणत्या प्रकारचे आहेत हे ओळखायचं कसं, आणि त्यांना लावायचं काय?
— एक आई, कुंडल (ता. पलूस, जि. सांगली)

उत्तर : ताई, आधी गाठीचं बोलू, कारण घरात घोर लागलाय तो तिचाच. ती गुंत्याची गाठ आहे. देवीचा तिच्याशी संबंध नाही आणि ती काढल्यानं घरात कुणाचंही वाईट होणार नाही.

केसाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात, मुळाकडून शेंड्याकडे रोख असलेले. रोज साधारण पन्नास ते शंभर केस आपल्या डोक्यावरून गळतात. सरळ केसांतून ते विंचरताना सहज निघून येतात. कुरळ्या केसांत मात्र गळालेला केस वळणांत अडकून तिथेच राहतो. त्याला घाम, धूळ, जुनं तेल लागतं, झोपेत मान उशीवर घासते आणि खवले एकमेकांत रुतत जातात. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर भिजवून दाबली की जेन तयार होतं, ते याच गुणामुळे. मानेवरच्या केसांना घासणी आणि घाम दोन्ही जास्त, म्हणून गाठ बहुतेक वेळा तिथेच धरते. तिला हात लावायचा नाही असं एकदा ठरलं की ती वाढत जाते, आणि वर्षा-दोन वर्षांत तिला जट म्हणतात.

आपल्या भागात या गाठीची किंमत मुलींनी मोजली आहे. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात डोक्यात जट दिसली म्हणून मुलींना सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं सोडलं गेलं. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यानं मुलीला देवदासी म्हणून सोडणं गुन्हा आहे. पण जट कापायची भीती कायद्यानं जात नाही. मानेला ओझं, टाळूला जखमा, उवा आणि दुर्गंधी सोसत कित्येक बायका वर्षानुवर्षं जगल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं या प्रश्नात फार मोलाचं काम केलं आहे. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, आणि डॉक्टर झाले ते आपल्या मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून. समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी शंभराहून अधिक महिलांना जटेतून मोकळं केलं आहे. सासूबाईंना हे जरूर सांगा, पण भांडून नको. त्यांची भीती खरी आहे. गाठीला तेल त्यांच्याच हातानं लावून घ्या आणि सोडवताना त्यांना जवळ बसवा.

गाठ सोडवायला घाई करू नका. खोबरेल तेल किंवा कंडिशनर गाठीत भरपूर मुरवा आणि अर्धा तास थांबा. मग गाठीच्या वरचे केस मुठीत धरा, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जाणार नाही. शेंड्याकडून सुरुवात करून बोटांनी एकेक बट वेगळी करा, त्यानंतरच मोठ्या दातांचा कंगवा घ्या. बारीक दातांची फणी इथे चालत नाही. मुलगी दमली की थांबा, उरलेलं उद्या. अगदीच सुटत नसेल तर कात्री गाठीवर आडवी न चालवता केसांच्या दिशेनं उभी चालवून गाठीचे दोन-तीन भाग करा. त्यातून पुष्कळ केस वाचतात. तरीही थोडी गाठ राहिली तर तेवढी कापून टाका. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, भरून येईल.

आता सरळ केस कुरळे कसे झाले? केस ज्या पिशवीतून उगवतो तिच्या आकारावर त्याचा प्रकार ठरतो. पिशवी सरळ असेल तर केस सरळ येतो आणि आडवा कापला तर गोल दिसतो. पिशवी वाकडी असेल तर केस चपटा आणि वळणाचा येतो. वयात येताना शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि पुष्कळ मुलींच्या केसांचा पोत तेव्हाच पालटतो. बाळंतपणानंतर किंवा उतारवयातही असा बदल होतो. केसांचा प्रकार अनेक जनुकं मिळून ठरवतात, म्हणून आईबापांचे केस सरळ असूनही मुलीचे कुरळे असू शकतात. तिच्यात काही बिघडलेलं नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. या वयात मुलींना ते ऐकायची गरज असते.

प्रकार ओळखायची रीत सोपी आहे. केस धुवा, तेल किंवा दुसरं काही लावू नका, विंचरू नका, वाळू द्या आणि मग बघा. अमेरिकेतले केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात केसांचे चार गट मांडले : सरळ, लाटांचे, कुरळे आणि अगदी बारीक वेटोळ्यांचे. आज सगळीकडे तीच वाटणी चालते. आपल्याकडे पहिले तीन एकाच घरात सापडतात. एकाच डोक्यावर दोन प्रकार असणंही नेहमीचंच, वरचे लाटांचे आणि मानेवरचे कुरळे. पण माझ्या मते रोजच्या देखभालीला या गटापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतात. एक, केस जाड की बारीक. एक केस शिवणाच्या दोऱ्याशेजारी धरला की अंदाज येतो. दुसरी, टाळू किती लवकर तेलकट होते. ग्लासभर पाण्यात केस टाकून तो बुडतो का हे बघायची चाचणी हल्ली फार सांगतात. तिच्यावर विसंबू नका, केसाला लागलेल्या थोड्या तेलानंही तिचं उत्तर बदलतं.

कुरळ्या केसांची अडचण मुख्यतः कोरडेपणाची असते. टाळूचं तेल सरळ केसावरून खाली उतरतं, वळणाच्या केसावरून शेंड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून टाळू तेलकट आणि शेंडे राठ, असं एकाच वेळी दिसतं. मुलीचे केस आठवड्यातून एकदा-दोनदा धुवा, शाम्पू फक्त टाळूला लावा आणि कंडिशनर अर्ध्यापासून खाली. गुंता सोडवायचा तो कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतच. सरळ केसांना ओलेपणी विंचरू नये हे बरोबर आहे, कारण ओला केस ताणला जातो आणि तुटतो. कुरळ्या केसांचं उलट आहे. कोरडे विंचरले तर ते जास्त तुटतात आणि फुलून येतात. तिच्या रडण्याचं कारण बहुधा हेच असावं. पुसायला खरखरीत टॉवेल नको, जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या आणि नुसतं टिपा. रात्री सैल वेणी घाला.

अंगाचा साबण डोक्याला लावू नका. तो अल्कधर्मी असतो, खवले उघडतात आणि गुंता वाढतो. शिकेकाई चांगली, पण कुरळ्या केसांत तिचा चोथा अडकतो, म्हणून उकळून गाळून घ्या.

तेलाबद्दल आपल्याकडे एक चांगलं संशोधन झालं आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. केसांतलं प्रथिन धुताना वाहून जाणं तिन्हींपैकी फक्त खोबरेलानं कमी झालं, मग ते धुण्याआधी लावलेलं असो की नंतर. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्यानं केसाच्या आत शिरतं. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष पटण्यासारखा आहे. न्हाण्याआधी तास-दोन तास तेल लावा. कोंडा असेल तर मात्र टाळूला तेल नको, कोंड्याशी संबंधित बुरशी त्यावरच पोसते.

बोअरच्या पाण्याचा संशय अगदी चुकीचा नाही. कृष्णाकाठच्या या उसाच्या पट्ट्यात क्षारपड जमिनी आहेत आणि बरंच भूजल जड आहे. बादलीवर पांढरा थर बसत असेल, डाळ शिजत नसेल, तर पाणी जड समजा. अशा पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट थर केसांवर बसतो. केस राठ लागतात ते त्यानं. पण कोइमतूरच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये जड आणि शुद्ध पाण्यात धुतलेल्या केसांची ताकद मोजली, तेव्हा फरक आढळला नाही. नंतरच्या काही अभ्यासांत उलटं दिसलं. तेव्हा सगळं खापर पाण्यावर नको. शाम्पूचा असा थर साबणाइतका बसत नाही. शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घेतले तरी फरक पडेल.

मिस्टरांना सांगा, टक्कल केल्यानं केस दाट होत नाहीत, सरळही होत नाहीत. वस्तरा फिरतो कातडीवर, पिशवी असते कातडीच्या आत. जावळ काढल्यावर बाळाचे केस दाट येतात असं वाटतं, कारण तोवर बाळ मोठं झालेलं असतं आणि कापलेलं टोक बोथट लागतं.

उद्या कुणी पार्लरमध्ये केस सरळ करून घ्यायला सुचवेल. या वयात ते करू नका. अशा काही द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू निघतो. फॉर्माल्डिहाइड नसलेली म्हणून जी विकतात त्यांतल्या काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं, आणि त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या बायकांच्या नोंदी इस्रायलमधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. शिवाय सरळ होतात ते बाहेर आलेले केस. मुळातून नवा येतो तो कुरळाच.

गाठ निघाल्यावर खालची टाळू उजेडात नीट बघा. लाली, खपली किंवा पू दिसला तर पलूसला किंवा सांगलीला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. उवा असतील तर घरातल्या सगळ्यांचा उपचार एकाच दिवशी करा.