‘सायन्स’च्या आधी ‘ने’ कुठून आला?

प्रश्न : शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या इंग्रजी भाषांतरात ‘अविद्या’साठी ‘नेसिअन्स’ हा शब्द दिसला. हा ‘सायन्स’च्या उलट काही आहे का? आणि ‘इग्नोरन्स’ असताना हा कशाला?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : अविद्येबद्दलची शंका अंबाजोगाईहून यावी, हे गावाला साजेसेच. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी तुमच्याकडेच दाखवतात, ग्रंथाचा काळ शके १११० (इ.स. ११८८) मानला जातो आणि विषय वेदान्ताचाच.

आता शब्दाकडे. लॅटिनमध्ये ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. ‘सायन्स’ त्याच्याच वंशातला. आधी नकाराचा ‘ने’ लागला की ‘नेस्किरे’, म्हणजे न जाणणे. त्यावरून ‘नेसिअन्स’. म्हणजे विज्ञानाशी याचे भांडण नाही. आपणही ‘न’ आणि ‘जाणणे’ जोडून ‘नेणणे’ केले, त्यातून ‘नेणता’ आणि ‘नेणीव’ आले. म्हणून आपला ‘ने’ लॅटिनमधून आला असे मात्र समजू नये. संस्कृतचा ‘न’ आणि लॅटिनचा ‘ने’ एकाच जुन्या मुळाचे, एवढेच.

गंमत अशी, की कुळाने ‘अज्ञाना’च्या जवळचा आहे तो ‘इग्नोरन्स’. त्यातला ‘ग्नो’ आपल्या ‘ज्ञा’चा भाऊबंद. पण वापरात त्या शब्दाला दोषाचा वास येतो : माहीत असायला हवे होते, तरी नाही. ‘नेसिअन्स’ ग्रंथातला, त्यामानाने निर्विकार. जॉर्ज थिबो यांनी १८९० साली भाष्याचा पहिला खंड इंग्रजीत आणला, तेव्हा अविद्येसाठी हाच शब्द योजला.

तरी तो पुरता बसत नाही. वेदान्तातली अविद्या म्हणजे नुसता माहितीचा अभाव नव्हे. अंधारात दोरी दिसली नाही, तर माणूस फार तर तिच्यावर पाय देऊन पुढे जाईल. घाबरतो तो तिथे साप दिसला म्हणून. खरे झाकायचे आणि खोटे दाखवायचे, अशी दोन्ही कामे अविद्या करते. ‘न जाणणे’ एवढ्यात दुसरे काम येत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे विवेक. हा शब्द ‘विच्’ या धातूचा, अर्थ वेगळे करणे. ‘स्किरे’चा मूळ अर्थही कापून वेगळे करणे असाच असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

जाता जाता : लॅटिन ‘नेस्किउस’, म्हणजे नेणता, फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो ‘नाइस’ होऊन, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ होता मूर्ख. तुमच्या फोटोखाली कुणी ‘नाइस’ लिहिले, तर मनाला लावून घेऊ नका.